शंभर वर्षांचा ट्रॅक्टर चालू करताना



2024 च्या गणपतीत प्रसाद वाढताना बऱ्याच जणांनी आम्हाला विचारले, "अहो, तुमच्या हातांना काय झालंय?" नखांत काळे ग्रीस, बोटांवर पट्ट्या आणि अंगाला रॉकेलचा वास! तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता काम पार पडले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही म्हणजे पूर्व आयोवातली चार मराठी घरे. त्यांतले तिघे मेकॅनिकल इंजिनियर, पण संगणकावरचे. स्वतःच्या गाडीचे ऑइल दुकानात बदलून घेणारे. आमच्या वस्तीला लागूनच एका आजोबांचे शेत आहे. वय नव्वदीचे. थंडीत न सांगता आमच्या दारातला बर्फ काढून देतात आणि दिवाळीत आमच्याकडच्या चकल्या हक्काने मागून नेतात. 2023 च्या दिवाळीला फराळ द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला मागच्या शेडमध्ये नेले. गवताच्या गठ्ठ्यांमागे एक लोखंडी चाकांचा सांगाडा उभा होता. त्यांच्या वडिलांनी 1925 साली नवा घेतलेला जॉन डिअर, मॉडेल 'डी'. आजोबा म्हणाले, "माझे कान दिवसेंदिवस जात चाललेत. पूर्ण जायच्या आत याचा आवाज एकदा ऐकायचा आहे. तुम्ही सगळे इंजिनियर ना?"

आता 'नाही' कसे म्हणणार?

हा ट्रॅक्टर का दुर्मीळ, ते आधी सांगायला हवे. पुण्याजवळ सणसवाडीला 2000 साली जॉन डिअरचा कारखाना सुरू झाल्यामुळे हिरवा-पिवळा रंग आपल्या लोकांना चांगलाच परिचयाचा आहे. पण ही कंपनी मुळात नांगरांची. तिने 1918 मध्ये आयोवातल्याच वॉटर्लू गावचा इंजिनांचा कारखाना विकत घेतला आणि ती ट्रॅक्टरच्या धंद्यात उतरली. तिथला 'वॉटर्लू बॉय' काही वर्षे विकल्यावर 1923 मध्ये मॉडेल 'डी' आला आणि 1953 पर्यंत तब्बल तीस वर्षे बनत राहिला. एकूण 1 लाख 60 हजारांहून अधिक 'डी' बनले, म्हणजे तसा 'डी' दुर्मीळ नाही. पण पहिल्या दोन-अडीच वर्षांतल्या ट्रॅक्टरांचे फ्लायव्हील बैलगाडीच्या चाकासारखे आऱ्यांचे होते. आधी 26 इंचांचे, मग 24 इंचांचे. पुढे भरीव फ्लायव्हील आले. आऱ्यांचे ट्रॅक्टर जेमतेम काही हजार निघाले आणि त्यांतले बरेचसे दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी भंगारात गेले. या मॉडेलचे क्रमांक 30401 पासून सुरू होतात. आम्ही पितळी पट्टी पुसून क्रमांक वाचला, फ्लायव्हीलला टेप लावला. बरोबर 24 इंच, सहा आरे! त्या रात्री आमच्यापैकी कोणालाच धड झोप लागली नाही.

त्याचे इंजिन कसे होते याची कल्पना यावी म्हणून एक हिशोब. सिलिंडर दोनच, तेही आडवे झोपवलेले. पिस्टनचा व्यास साडेसहा इंच आणि धाव सात इंच. म्हणजे एकेक सिलिंडर जवळजवळ 3800 सीसीचा. आपल्या मारुती 800 चे अख्खे इंजिन 796 सीसीचे! तशी पावणेपाच इंजिने या एका सिलिंडरात मावतील. एवढे करून वेग मिनिटाला फक्त 800 फेरे आणि ताकद पट्ट्यावर तीस हॉर्सपॉवरच्या आसपास. इंधन रॉकेल. त्या काळी पेट्रोलपेक्षा स्वस्त म्हणून शेतकऱ्याला तेच परवडे. पण गार इंजिनात रॉकेलची नीट वाफ होत नाही, म्हणून आधी थोड्या पेट्रोलवर चालू करायचे आणि तापले की रॉकेलवर घ्यायचे. गावाकडे विहिरीवरचे छोटे पंप ज्यांनी चालवले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. गंमत म्हणजे याच्या कार्बोरेटरमध्ये पाणीही सोडता येते! जोराचा नांगर ओढताना रॉकेल अवेळी पेटून इंजिन ठोकायला लागते. पाण्याच्या फवाऱ्याने आतली उष्णता उतरते आणि ठोकणे थांबते.

आमच्या इंजिनाचे ठोकणे सोडाच, ते हलतच नव्हते. कोणे एके काळी एक स्पार्क प्लग काढून ठेवलेला आणि त्या भोकात चक्क दाणे काढलेले मक्याचे कणीस खुपसलेले! पुढे कणसाने ओल धरली, छपरातून पाणी ठिबकत राहिले आणि पिस्टन सिलिंडरला गंजून चिकटला. अशा वेळी पहिला नियम असा की घाई करू नये. आम्ही केली. पिस्टनवर लाकूड धरून घणाने दोन ठोके घातले आणि 'टक्' असा आवाज आला. तो एका रिंगेचा होता, हे महिन्याभराने कळले. त्यानंतर मात्र शहाण्यासारखे वागलो. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल सारख्या भागात मिसळून सिलिंडरमध्ये ओतून ठेवायचे, ते गंजात झिरपते. पण सिलिंडर आडवा असल्याने तेल नुसते तळाशी बसायचे, पिस्टनची वरची कड कोरडीच. हे ध्यानात यायला आम्हा तीन इंजिनियरांना दहा दिवस लागले! मग जॅक लावून ट्रॅक्टरचे नाक वर उचलले. चौथ्या आठवड्यात जॅकनेच हळूहळू दाब दिला, तेव्हा तो केसभर सरकला. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, आणि त्यात काही अतिशयोक्ती नाही.

आत उघडल्यावर क्रँकच्या बेअरिंगचा प्रश्न आला. आजच्यासारख्या तयार वाट्या तेव्हा नव्हत्या. बॅबिट नावाचा मऊ पांढरा धातू वितळवून जागेवर ओतायचा आणि दोन अर्धांच्या मध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या ठेवायच्या. बॅबिट झिजला की एकेक चकती काढून फट पुन्हा घट्ट करायची. अर्धे जळालेले रॉकेल रिंगांच्या फटीतून खाली उतरून तेल पातळ करते, त्यामुळे ही झीज नेहमीचीच. आमचे नशीब चांगले, एकेक चकती काढल्यावर काम भागले. धातू ओतायची वेळ आली असती तर ते आम्ही जाणकाराकडेच दिले असते. वितळलेल्या धातूशी खेळण्याइतके आम्ही अजून शूर नाही.

बॅटरी या ट्रॅक्टरला नाहीच. ठिणगी मॅग्नेटोतून येते. ते खाते आमच्यातल्या एका वहिनींनी घेतले, कारण विजेचे शिक्षण त्यांचे. हाताने फिरवताना फ्लायव्हील फार हळू फिरते आणि त्या वेगाला मॅग्नेटोची ठिणगी पडत नाही. म्हणून आत एक स्प्रिंगची जोडणी असते. ती आधी अडून ताणली जाते आणि मग एकदम सुटते. त्या झटक्याने ठिणगी जोरात पडते आणि थोडी उशिरा पडते. उशिरा पडणे महत्त्वाचे, नाहीतर इंजिन उलटे फिरून हात मोडेल. आमच्या मॅग्नेटोत जुने ग्रीस दगडासारखे झाले होते. वहिनींनी ते रॉकेलने धुतले, तरी ठिणगी नाहीच. आतली तार जळालेली निघाली. ती पुन्हा गुंडाळून घेणे आणि चुंबकाला जोर आणणे ही कामे बाहेरून करून आणली, त्यात तीन महिने गेले. कार्बोरेटरने आणखी एक शहाणपण शिकवले. त्यातला तरंगता गोळा बुचाच्या लाकडाचा आणि त्यावर लाखेचा लेप. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल तो लेप विरघळवते! म्हणून आम्ही बिनइथेनॉलचेच पेट्रोल घालतो.

रंगावरून मात्र खरे भांडण झाले. आजोबांच्या मुलाचे म्हणणे असे की सँडब्लास्ट करून झकास हिरवा-पिवळा रंग द्यावा, म्हणजे पुढेमागे लिलावात चांगली किंमत येईल. आमच्यातही दोन तट पडले. गणपतीच्या मखरासारखा चकचकीत ट्रॅक्टर कोणाला नको असतो? एका शनिवारी मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूने सुरुवात केली. जुन्या रंगात शिसे असते, म्हणून मुलांना घरी ठेवले, तोंडाला मास्क बांधले आणि ओले करून हाताने घासू लागलो. वरचा नंतर कधीतरी मारलेला रंग निघाला आणि खालच्या मूळ हिरव्यावर खिळ्याने कोरलेले आकडे दिसू लागले. 26, 27, 28... प्रत्येकापुढे आणखी एक आकडा. आजोबांना बोलावले. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. दर हंगामाला एकरी किती बुशेल मका झाला, ते त्यांच्या वडिलांनी ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या कोरून ठेवले होते. 36 पुढे नुसती आडवी रेघ. 1936 च्या उन्हाळ्यात आयोवातला मका उभ्याचा जळाला. त्या वर्षी कोरण्यासारखे काही आलेच नसणार.

सँडब्लास्टची मशीन त्याच सोमवारी भाड्याने आणायची ठरली होती. दोन दिवसांचा फरक! यंत्राने घासले असते तर आकडे धूळ होऊन उडाले असते, आणि ते तिथे होते हेही कोणाला कळले नसते. मग नवा रंग नाही असे ठरले. मूळ रंग जिथे आहे तिथे जपला, उघड्या लोखंडाला तेलाचा हात दिला, बस. मुलाला हे पटायला वेळ लागला आणि तो त्याचा हक्कही होता, ट्रॅक्टर त्याच्या घरचा. पण मडगार्डचा फोटो त्याने स्वतःच काढून त्याच्या मुलीला पाठवला, तेव्हा आम्ही काय ते समजलो.

2025 च्या जूनमध्ये चालू करायचा दिवस आला. योगायोगाने आमच्यापैकी एकाचे बाबा तासगावहून सहा महिन्यांसाठी आले होते. विहिरीवरचे इंजिन हॅण्डल मारून चालू करण्यात त्यांची उभी हयात गेली. त्यांनी आमचे हात पाहिले आणि दरडावले, "अंगठा बोटांच्या बाजूला ठेव रे! मुठीत धरलास तर उलट्या झटक्याला तुटेल." या फ्लायव्हीलला तर आरे आहेत, त्यांच्यात हात घालायचा नाही, फक्त कड धरायची. सैल बाह्या, ओढण्या सगळे दूर. मग सिलिंडरवरच्या छोट्या तोट्या उघडल्या, म्हणजे दाब कमी होऊन चाक फिरते. कपभर पेट्रोल पाजले आणि ओढले. पंधरा-वीस वेळा काहीच नाही. मग एकदम धूर, आगीची जीभ आणि आवाज!

फट्-फट्... फट्-फट्...

आमचे चेहरे पडले. एक सिलिंडर मार खातोय असे वाटून आम्ही इंजिन बंद केले. आजोबा खुर्चीतून हात हलवून ओरडत होते, "बंद का केलंत? असाच वाजतो तो!" आणि ते अगदी बरोबर होते. यातले दोन पिस्टन उलट दिशांनी पळतात, एक पुढे तेव्हा दुसरा मागे. त्यामुळे इंजिनाचा तोल सांभाळला जातो. पण चार धावांच्या इंजिनात याचा परिणाम असा की एका स्फोटानंतर अर्ध्याच फेरीत दुसरा स्फोट होतो आणि मग दीड फेरी शांतता. म्हणजे दोन फट् लागोपाठ आणि मध्ये दम. इथले लोक या ट्रॅक्टरांना लाडाने 'जॉनी पॉपर' म्हणतात ते यावरूनच. हे गणित आम्ही कॉलेजात सोडवले होते. कानांनी मात्र ओळखले नाही.

पुन्हा चालू केला. तोट्या बंद केल्यावर आवाज भरदार झाला. आजोबांनी कानातले यंत्र काढून खिशात ठेवले आणि उठून हात मडगार्डवर ठेवला. बाबा त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पण इंजिन तापल्यावर रॉकेलवर घ्यायची वेळ आली, तेव्हा दोघांनीही एकदमच त्या तोटीकडे बोट केले.

त्या दिवशी अकरा मिनिटे चालला. डाव्या सिलिंडरच्या गॅस्केटमधून पाणी गळते आहे, ते काम अजून बाकी आहे. लोखंडी चाकांवर तो डांबरी रस्त्यावर नेता येत नाही, म्हणून ट्रेलरची सोय बघतो आहोत. माउंट प्लेझंटला 1950 पासून जुन्या यंत्रांचा मेळा भरतो, लेबर डेच्या सुमारास. तिथे त्याला न्यायचा विचार आहे. आजोबांची एकच अट आहे, वर कोणी पॉलिश मारायचे नाही. आणि डबाभर चकल्या.