चढाईचे गुण आणि चढाईपटूचे मोल

वडीगोद्रीसारख्या गावात शाळेच्या मैदानावर कबड्डी पाहणाऱ्या जाणत्या माणसाला एखाद्या चढाईपटूची योग्यता विचारली, तर तो गुण सांगत बसत नाही. उजव्या कोपऱ्याला चकवून गडी कसा परतला, अंगावर चौघे पडले असताही मध्यरेषेला बोट कसे लावले, याचेच वर्णन तो रंगवून करतो. परंतु त्याच गावातील मुलगा उद्या निवडचाचणीस उभा राहिला, की या वर्णनाला किंमत उरत नाही. तेथे कागद लागतो. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून तर त्या कागदाचे वजन फारच वाढले आहे. चढाईचे एकूण गुण, सामन्यामागची सरासरी, यशस्वी चढायांचे शेकडा प्रमाण आणि त्यावरून लिलावात ठरणारी रक्कम, अशी ही साखळी आहे.

आकडे खोटे नसतात. प्रश्न एवढाच, की ते नेमके कोणाचे असतात?

बाद झालेला चढाईपटू मैदानाबाहेर बसतो. आपल्या संघाने प्रतिपक्षाचा गडी टिपला, तरच बाहेर बसलेल्यांना क्रमाने आत येता येते. त्यामुळे त्याची पुढची चढाई केव्हा होणार, हे बऱ्याच अंशी मागे उभ्या असलेल्या कोपरारक्षकांच्या आणि मध्यरक्षकांच्या पकडीवर ठरते. भक्कम बचावाच्या संघातील चढाईपटू चाळीस मिनिटांतील पुष्कळ वेळ खेळत राहतो. दुबळ्या संघातील तितकाच तरबेज गडी घाम पुसत बाहेर बसतो. गुणपत्रिकेत या बसण्याला रकाना नाही. शिवाय सगळे गुण एका तोलाचे नसतात. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडून मिळवलेला गुण आणि लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्यानंतर तिसऱ्या, ‘करो वा मरो’ चढाईत हिसकावलेला गुण, बेरजेत दोन्ही सारखेच. संघ आघाडीवर असताना तीस सेकंद खर्ची घालून रिकाम्या हाताने परतणारा गडी कर्णधाराच्या मनाप्रमाणेच खेळत असतो, पण त्याची सरासरी मात्र घसरते.

कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 2018 च्या हंगामात यू मुंबाकडून पहिल्यांदाच खेळताना त्याने चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळवले आणि मुंबईचा संघ बाद फेरीत पोहोचला. 2019 च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 1 कोटी 45 लाख रुपये मोजले. त्या वर्षीही त्याने दोनशेचा टप्पा ओलांडला; तरीही टायटन्सला पहिल्या सहांत स्थान मिळाले नाही. उलट ज्या संघाने त्याला सोडले, तो यू मुंबा इराणच्या फझल अत्राचलीच्या नेतृत्वाखाली उपान्त्य फेरीपर्यंत गेला. यावरून देसाईचे गुण पोकळ होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गडी तोच होता आणि आकडाही जवळपास तोच होता. बदलले होते ते भोवतीचे सहा जण.

अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो खेळ खेळतात, त्यातील चेंडू घेऊन धावणाऱ्या ‘रनिंग बॅक’विषयी हाच वाद वर्षानुवर्षे चालला आहे. डॅलसच्या एमिट स्मिथने 18,355 यार्डांचा विक्रम केला आणि तीन अजिंक्यपदे पाहिली. मात्र त्याच्यापुढे वाट मोकळी करून देणारी धिप्पाड फळी होती. डेट्रॉइटचा बॅरी सँडर्स दहा हंगामांनंतर 15,269 यार्डांवर थांबला. त्याची एका धावेमागची सरासरी मात्र स्मिथपेक्षा सरस होती. श्रेष्ठ कोण, याचा निकाल तेथील हिशेबनिसांनाही लावता आलेला नाही.

म्हणून आकडे फेकून द्यावेत काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि ज्यांचा वशिला आहे त्यांना ते परवडेलही. ज्या मुलाच्या मागे ना संस्था, ना ओळख, त्याच्या हातात स्वतःच्या गुणांवाचून दुसरे असते तरी काय? ‘नजरेने पारखले’ या शब्दांच्या आडून आजवर किती नावे यादीतून गळली असतील, हे निवड समित्यांचे व्यवहार जवळून पाहिलेल्या शिक्षकांना सांगायला नको. आकड्यांशी वाद घालता येतो, ते पुन्हा तपासता येतात. पारख्याच्या मर्जीचे तसे नाही.

तेव्हा तक्रार मोजण्याविरुद्ध नाही, मोजणी अर्धवट ठेवण्याविरुद्ध आहे. पकडीचा गुण एकाच्या नावावर चढतो. पण चढाईपटूचा घोटा प्रथम कोणी धरला आणि साखळी करून त्याला रेषेपासून कोणी अडवले, यांपैकी एकाचे नाव कागदावर येतच नाही. चढाईच्या वेळी समोर किती गडी होते, गडी किती मिनिटे बाहेर बसला, त्याला आत कोणाच्या पकडीने आणले, एवढ्या नोंदींसाठी यंत्रांची गरज नाही. तालुक्याच्या स्पर्धेत गुणलेखकाशेजारी एक विद्यार्थी वही आणि पेन्सिल घेऊन बसवला, तरी हे काम होण्यासारखे आहे.