सेवाभाव आहे, पण मॉर्फिन आहे का?

हॉस्पिस, म्हणजे आजाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची शुश्रूषा करणारं ठिकाण, बघायला गेलेली माणसं बाग, देवघर आणि पांढऱ्याशुभ्र चादरी पाहून होकार देतात. पेशंटची रात्र कशी जाणार, हे मात्र औषधांच्या कपाटावर, रजिस्टरवर आणि रात्रपाळीच्या नर्सवर ठरतं.

मध्य प्रदेशच्या पश्चिम टोकाला मंदसौर, नीमच, रतलाम या भागात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. नीमचला केंद्र सरकारचा अफू कारखाना आहे, दुसरा उत्तर प्रदेशात गाझीपूरला. कॅन्सरच्या असह्य दुखण्यावर जगभर वापरलं जाणारं मॉर्फिन अफूपासूनच तयार होतं. त्याच राज्यात जबलपूरसारख्या मोठ्या शहरात तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट रात्रभर कण्हत असतो आणि त्याच्या उशाशी फक्त पॅरासिटामॉलची पट्टी असते, असं होऊ शकतं. म्हणून हॉस्पिस चांगलं की वाईट हे ठरवायला निघालेल्या माणसानं सुरुवात मॉर्फिनच्या गोळीपासून करावी.

गोळीच्या जोडीला प्रश्न येतो अंतराचा. उदाहरणार्थ महाराजपूर घ्या. हा जबलपूरचा उत्तरेकडचा, अधारतालला लागून असलेला, कटनी रस्त्यावरचा भाग. नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेज शहराच्या दुसऱ्या अंगाला, नागपूर रोडवर. ड्रेसिंगसाठी पेशंटला तिथं न्यायचं तर अख्खं जबलपूर ओलांडावं लागतं. इथल्या मराठी घरांत आणखी एक पेच असतो. १९५६ पर्यंत नागपूर ही या प्रांताची राजधानी होती. त्या काळात नोकरीनिमित्त आलेली कितीतरी कुटुंबं जबलपुरात राहिली, भाऊबंद मात्र नागपूरकडे. घरात कोणी अत्यवस्थ झालं की तिकडून फोन येतो, ‘इकडे घेऊन या.’ उपचारासाठी तो सल्ला बरोबर असेल. पण उपचार थांबल्यानंतर पावणेतीनशे किलोमीटर दूर, अनोळखी खाटेवर माणसाला ठेवायचं का, हा प्रश्न वेगळा आहे. नातवंडं शाळेतून परस्पर भेटायला येऊ शकतील, शेजारी रोज डोकावतील, असं जवळचं ठिकाण मिळालं तर तेच आधी पाहावं.

जबलपूरकरांना असं ठिकाण शोधायला फार दूर जावं लागत नाही. साध्वी ज्ञानेश्वरी दीदींच्या पुढाकारानं ब्रह्मर्षी मिशन समितीनं सुरू केलेलं विराट हॉस्पिस कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटना मोफत सांभाळतं. मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये शांती आवेदना सदन उभं केलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि त्रास हलका करणारी शुश्रूषा) सेंटर आहे. याशिवाय घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्था आहेत आणि अलीकडे शहरोशहरी निघालेली खासगी ‘केअर सेंटर’ही आहेत. यातली पारख कशी करायची?

अमेरिकेत सरकारच हॉस्पिसांची तुलना जाहीर करतं. पेशंट गेल्यानंतर घरच्यांना प्रश्नावली पाठवतात. अखेरच्या तीन दिवसांत नर्स किंवा समाजसेविका किमान दोन दिवस प्रत्यक्ष भेटायला गेली का, हाही तिथला एक निकष. आपल्याकडे अशी सरकारी यादी नाही. त्यामुळे प्रश्न घरच्यांनाच विचारावे लागतात, आणि ते विचारायला संकोच वाटतो. फुकट सेवा करणाऱ्यांची उलटतपासणी कशी घ्यायची? घ्यावी. चांगल्या संस्थेला असे प्रश्न आवडतात.

कपाटाची किल्ली कोणाकडे?

पहिला प्रश्न सरळ विचारावा: तुमच्याकडे तोंडानं घ्यायचं मॉर्फिन कायम असतं का?

हा प्रश्न अवघड होण्यामागे इतिहास आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं मॉर्फिनभोवती परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं, की पुढच्या बारा वर्षांत देशातला त्याचा वैद्यकीय वापर जवळपास ९७ टक्क्यांनी घटला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न लिहिताच तयार झाली. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायदा बदलला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता मिळालेल्या संस्थेला मॉर्फिनसारखी औषधं ठेवता येतात. त्यासाठी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो आणि गोळी न् गोळीचा हिशेब लिहावा लागतो. म्हणून ‘तुम्हाला ही मान्यता आहे का?’ हा एकच प्रश्न औषध, डॉक्टर आणि नोंदी अशा तिन्ही गोष्टींचा पत्ता लावतो.

‘गरज पडली तर मागवतो’ हे उत्तर पुरेसं नाही. दुखणं मध्यरात्री उठतं आणि मॉर्फिन गल्लीतल्या मेडिकलवर मिळत नाही.

पुढचा प्रश्न: गोळी कशी देता? ‘दुखलं की देतो’ असं उत्तर आलं तर सावध व्हावं. साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून गोळी घड्याळाप्रमाणे द्यायची असते, दुखणं परत डोकं वर काढायच्या आधी. झोपताना बहुधा दुप्पट मात्रा देतात, म्हणजे पेशंटला मध्येच उठवावं लागत नाही. मॉर्फिननं बद्धकोष्ठता हमखास होते, त्यामुळे जोडीला पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. मॉर्फिनच्या चिठ्ठीवर ते नसेल, तर लिहिणाऱ्याचा हात अजून या कामात बसलेला नाही असं समजावं. ‘सवय लागेल’, ‘हे दिलं म्हणजे संपलंच’ या धास्तीला तिथला डॉक्टर काय उत्तर देतो, तेही ऐकावं. वेदनेसाठी योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिननं आयुष्य कमी होत नाही. धाप लागलेल्या पेशंटलाही त्याचा आराम पडतो.

खाटेजवळचा कागद

संस्था दाखवायला नेतील तेव्हा परवानगी घेऊन एखादा कोरा केस पेपर पाहावा. त्यावर शरीराची आकृती आहे का? दुखतं कुठे, कळ कुठून कुठे जाते, शून्य ते दहामध्ये किती, हे भरायची जागा आहे का? ताप आणि बीपीसारखीच वेदनेचीही रोज नोंद व्हायला हवी. नोंद नसेल तर उताराही कळत नाही.

नाकालाही काम द्यावं. गुटखा आणि तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप. गालाला भोक पडून वाहणाऱ्या जखमेला दुर्गंधी येते. त्या वासामुळे माणसं खाटेपासून लांब उभी राहतात आणि ते पेशंटच्या लक्षात येतं. यावरचा उपाय स्वस्त आणि जुना आहे. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड करून जखमेवर भुरभुरवायची आणि ड्रेसिंग वेळच्या वेळी बदलायचं. दोन-चार दिवसांत वास उतरतो. जखमेत अळ्या झाल्या तर टर्पेंटाइनचा बोळा लावून त्या बाहेर काढतात. हे काम किळस न करता, पेशंटशी बोलत बोलत करणारी नर्स जिथं असेल, ते ठिकाण निम्मी परीक्षा पास झालं.

उरलेली परीक्षा पाठीची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला आणि माकडहाडाला जखमा होतात. दिवसा हे सगळीकडे होतं. रात्री बारा ते सहा या वेळात किती पेशंटमागे किती माणसं असतात, त्यातली नर्स किती आणि आया किती, हे विचारावं. डॉक्टर रात्री तिथंच नसला तरी चालेल. फोन उचलून मात्रा वाढवायला सांगणारा मात्र हवा.

परत घरी किती जण जातात?

हॉस्पिस म्हणजे एकदा आत गेलं की संपलं, अशी आपल्याकडे समजूत आहे. चांगल्या केंद्रातून बरेच पेशंट घरी जातात. दुखणं आटोक्यात येतं, जखम स्वच्छ होते, घरच्यांना हात बसतो आणि माणूस आपल्या खाटेवर परत येतो. वारज्याच्या केंद्रात घरचं एक माणूस पेशंटबरोबर राहतं आणि शुश्रूषा शिकून घेतं. म्हणून ‘किती जण घरी परततात?’ हे जरूर विचारावं. ‘घरी? कोणीच नाही’ असं उत्तर आलं तर तिथं शुश्रूषा होत असेल, वैद्यकीय काम कमी होतं.

महाराजपूरसारख्या भागात घरपोच सेवा जास्त सोयीची ठरू शकते. टीम आठवड्यातून किती वेळा येते, तिच्यात नर्स असते का, मधल्या दिवसांत फोन कोण घेतं, तोंडानं औषध जाईनासं झालं तर कातडीखालून द्यायची सोय आहे का? आणखी एक गोष्ट लाजून राहून जाते: पहाटे घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला कोण देणार? रुग्णालयातल्या मृत्यूसाठी चार नंबरचा फॉर्म असतो, घरातल्या मृत्यूसाठी ‘चार-ए’, आणि तो उपचार करणाऱ्या डॉक्टरनं भरायचा असतो. ही व्यवस्था आधी झाली नसेल तर घरात रडारड चालू असताना मुलगा दाखल्यासाठी दारोदार फिरतो.

सांगायचं की लपवायचं

‘बाबांना काही सांगू नका हं,’ हे वाक्य प्रत्येक हॉस्पिसच्या दारात रोज ऐकू येतं. त्यावर तिथली माणसं काय करतात? मुलाला झिडकारून पेशंटला सगळं सांगून टाकणं हा आडदांडपणा झाला. मान डोलावून नाटकात सामील होणं सोपं, पण त्यात पेशंट एकटा पडतो. जाणती समुपदेशक आधी मुलाची भीती ऐकून घेते, मग बाबांनाच विचारते, ‘तुम्हाला आजाराबद्दल काय वाटतंय?’ बहुतेकांना बरंच माहीत असतं.

संस्था कोणत्याही धर्माची, पंथाची असो, तिथं पेशंटची रीत चालते का, हे पाहावं. कोणाला नर्मदेचं पाणी आणि तुळस हवी, कोणाला कुराणातल्या आयता, कोणाला यातलं काहीच नको. सत्संगाला येणं सक्तीचं आहे का, हे विचारण्यात अवमान नाही.

एक गैरसमजही दूर करायला हवा. हॉस्पिसमध्ये मृत्यू लवकर आणत नाहीत आणि लांबवतही नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये जगवणारे उपचार नाकारण्याची इच्छा आधीच लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यावर आता काम होतं. हॉस्पिसच्या डॉक्टरला हे माहीत असावं आणि पेशंटला व्हेंटिलेटर नको असेल तर ते केस पेपरवर लिहिलेलं असावं.

पैसे आणि पायऱ्या

मोफत आहे म्हणजे चांगलं, किंवा महाग आहे म्हणजे चांगलं, यातलं काहीच खरं नाही. मोफत ठिकाणी खाटा कमी असतात. थांबावं लागेल का आणि तोवर फोनवर सल्ला मिळेल का, हे विचारावं. पैसे घेणाऱ्या ठिकाणी दर लेखी घ्यावेत: खाट, नर्स, औषधं, ऑक्सिजन वेगवेगळे. अखेरच्या दिवसांत रोज रक्ततपासण्या आणि सलाइन लावणारी जागा हॉस्पिसच्या नावानं रुग्णालयच चालवते, आणि बिलही त्याच हिशेबानं होतं.

इमारत पाहताना फुलझाडांपेक्षा दुसरा दरवाजा शोधावा. जबलपूरच्याच एका खासगी रुग्णालयात १ ऑगस्ट २०२२ रोजी आग लागून आठ जणांचा जीव गेला. ज्यांना स्वतः उठता येत नाही अशांनी भरलेल्या वॉर्डात बाहेर पडायचा एकच जिना असेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही तो नकाराचा मुद्दा आहे.

सगळी उत्तरं मनासारखी कुठंच मिळणार नाहीत. रंग उडालेल्या भिंती, साधं जेवण, डॉक्टर आठवड्यातून तीनच दिवस, हे चालवून घेता येतं. मॉर्फिन, वेदनेची नोंद आणि रात्रीची नर्स या तिन्हींत मात्र तडजोड करू नये.

हे सगळं विचारायला वेळ हवा, आणि नेमका तोच आपण दवडतो. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेले पेशंट कमी निराश होते आणि सरासरी पावणेतीन महिने जास्तही जगले. त्यामुळे ‘आता काही उरलं नाही’ असं डॉक्टर म्हणेपर्यंत थांबायचं कारण नाही. आजार पसरल्याचा रिपोर्ट हातात आला, त्याच आठवड्यात जाऊन जागा पाहून यावी. पेशंटला चालवत असेल तर त्यालाही बरोबर न्यावं. रात्री दुखलं तर इथं कोण येईल, हे त्यालाच विचारू द्यावं.