आतड्याचा दाह, तीव्र जुलाब : कोणते औषध केव्हा?

आतड्याच्या दाहाचे दोन मुख्य आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता. क्रोन्सचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही.

कोलायटिस तीव्र कधी? दिवसाला 6 किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब. सोबत ताप, 90 पेक्षा जास्त नाडी किंवा रक्तक्षय. निकष 1955चे, ट्रुलव्ह आणि विट्स यांचे. अशा वेळी पासलीसारख्या गावातल्या रुग्णाने पुण्यातले ससूनसारखे मोठे रुग्णालय गाठावे.

• सौम्य आजार : मेसालामिन, सल्फासालाझिन.

• तीव्र : शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन, सलाइन, पोटॅशियम. साधारण तिसऱ्या दिवशी फेरतपासणी. उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा सायक्लोस्पोरिन, नाहीतर शस्त्रक्रिया.

• तीव्र आजारात टाळावे : जुलाब थांबवणारे लोपेरामाइड. मोठे आतडे फुगून जिवावर बेतू शकते.

भारतात खरी अडचण क्षयाची. आतड्याचा क्षय हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो आणि स्टेरॉइडने, तसेच इन्फ्लिक्सिमॅबने बळावतो. म्हणून इन्फ्लिक्सिमॅबआधी क्षयाची तपासणी होते.