मनगट मोडले तर प्लेट बसवावी का?

पावसाळ्याच्या तोंडावर छपराची कौले परतताना तोल जातो, शेवाळलेल्या बांधावर पाय सरकतो, आणि माणूस पडता पडता हात पुढे टेकतो. अंगाचा सारा भार एका तळहातावर येऊन मनगट मोडते. मोडते ते बहुधा अंगठ्याच्या बाजूचे हाड, रेडियस. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ साली या मोडीचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. हाताचा बाक तसाच राहील, पण कालांतराने हात कामाला येईल, असे त्यांचे म्हणणे. आपले हाडवैद्यही हेच सांगत आले, आणि साध्या मोडीपुरते ते बरेचसे खरे आहे.

हाडाचे टोक सांध्यातच फुटून त्याचे तीन-चार तुकडे झाले, म्हणजे गोष्ट वेगळी. सांध्याचा पृष्ठभाग बशीसारखा गुळगुळीत हवा. तिथे २ मिलिमीटरची पायरी राहिली, म्हणजे जोंधळ्याच्या दाण्याच्या निम्मी, तरी तरुण माणसाचा सांधा पुढे झिजू लागतो, असे अमेरिकेतील क्नर्क व ज्युपिटर यांनी १९८६ साली दाखवले. विळा धरणाऱ्या, धार काढणाऱ्या हाताला हे परवडणारे नाही.

अशा वेळी डॉक्टर प्लेट सुचवतात. हात बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन तळहाताच्या बाजूने छेद घेतात, तुकडे जागी बसवतात आणि त्यावर धातूची पट्टी स्क्रूंनी घट्ट करतात. २००० सालानंतर रूढ झालेल्या पट्ट्यांत स्क्रूचे डोके पट्टीच्या आट्यांतच अडकते, म्हणून ठिसूळ हाडातही पकड टिकते. मनगट लवकर हलवता येते, हा मोठा फायदा. पट्टी सहसा काढावी लागत नाही. मात्र काही जणांत अंगठ्याची दोरी, म्हणजे स्नायुबंध, पट्टीवर घासून महिन्यांनी, कधी वर्षांनीही तुटते. अंगठा वाकवताना दुखू किंवा करकरू लागला, तर जखम भरली आहे म्हणून गप्प बसू नये.

आता खर्चाची बाब. प्रत्येक मोडलेल्या मनगटाला प्लेट लागत नाही. हाड बाहेरूनच ओढून नीट बसत असेल, तर साध्या तारांनी वर्षभरानंतर प्लेटइतकाच गुण येतो, असे ब्रिटनमधील मोठ्या पाहणीत २०१४ साली आढळले. साठी उलटलेल्यांत प्लास्टर आणि प्लेट यांत वर्षाअखेर महत्त्वाचा फरक दिसला नाही, असे २०२१ साली ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील पाहणी सांगते. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारावे: मोड सांध्यात गेली आहे का? ओढून बसवल्यावर हाड जागी राहिले का? असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

विचारायला फार दिवस मात्र नाहीत. शस्त्रक्रिया करायचीच असेल तर ती दोन आठवड्यांच्या आत बरी. नंतर हाड वाकडेच जुळू लागते. पडल्याबरोबर बांगड्या, अंगठी काढावी, फळीवर हात ठेवून उपरण्याने गळ्यात अडकवावा. तेल चोळू नये, हात ओढू नये. कामट्यांची आवळपट्टी असो की दवाखान्याचे प्लास्टर, बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा कळ वाढतच चालली, तर रात्र असली तरी निघावे. रक्त अडून हात गमावण्याची वेळ येते ती अशाच उशिराने.

प्लास्टर असो वा प्लेट, बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत. जड ओझे साधारण तीन महिने उचलू नये. विडी-तंबाखूने हाड उशिरा जुळते, हे घरच्या कर्त्या पुरुषांनी ऐकावे. आणि पाळी गेलेल्या बाईचे मनगट उभ्या उभ्या पडून मोडले, तर तिचे हाडच विरळ झालेले असू शकते. पुढची मोड खुब्याची होण्याआधी, टाके काढायला जाल तेव्हाच हाडांच्या घनतेच्या तपासणीचेही विचारून घ्यावे.