पालक : शाळेचे पाहुणे की भागीदार?

महात्मा जोतीराव व क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि 1855 साली कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा चालविली. आईबापांच्या हातीही पाटी दिल्याखेरीज विद्या घरात रुजत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

हिंजवडीत हा प्रश्न रोजचा आहे. आयटी पार्कच्या इमारती बांधणारे, झाडणारे आणि त्यांच्या दारावर पहारा देणारे अनेक पालक गाव सोडून आलेले आहेत. त्यांनी एक खाडा केला की त्या दिवसाची मजुरी जाते. अशांची सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला बोलवायची आणि वर ‘पालकांना आस्था नाही’ असा शेरा मारायचा, याला शैक्षणिक नेतृत्व म्हणता येणार नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम 21 पालकाला श्रोता नव्हे, कारभारी मानते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान, अशी त्यात तरतूद आहे. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे, हे समितीचे काम. प्रत्यक्षात पुष्कळदा आईचा अंगठा तेवढा घेतला जातो. ठराव कोणी वाचून दाखवीत नाही.

विनाअनुदानित शाळांना हे कलम बंधनकारक नाही. तरीही निवासी शाळेने ते आपणहून पाळावे, असे आमचे मत आहे. कारण येथे मूल रात्रंदिवस आपल्या हवाली असते. रविवारी भेटीस आलेल्या आईला गुणपत्रिकेबरोबर भोजनगृहाचा हिशेबही वाचून दाखवावा.