आकाशाकडे गेलेली बोटं
लेखमाला : पडद्यावरचं विज्ञान (भाग सातवा)

गेल्या आठवड्यात आपण जयंत नारळीकरांपाशी थांबलो होतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या स्पर्धेला त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ते आपण पाहिलं. त्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी, १९७७च्या सुरुवातीला, खोपोलीजवळच्या हाळ या गावी एक तिशीतला अमेरिकन दिग्दर्शक कॅमेरे घेऊन आला. त्याने शेकडो गावकऱ्यांना माळावर बसवलं. स्टीव्हन स्पीलबर्ग हे त्याचं नाव. जिल्हा तेव्हाचा कुलाबा, आताचा रायगड.

चित्रपट होता ‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’. प्रसंग अगदी छोटा आहे. माळावर माणसांचा समुद्र आहे आणि सगळे मिळून पाच स्वरांची एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणताहेत. परदेशी शास्त्रज्ञ ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन पोचतात. त्यांतला मुख्य शास्त्रज्ञ फ्रान्स्वा त्रुफो या थोर फ्रेंच दिग्दर्शकाने रंगवला आहे. हा आवाज तुम्ही कुठून ऐकलात, असं गर्दीला विचारलं जातं. उत्तर शब्दांत येत नाही. क्षणभर थांबून शेकडो हात एकदम वर जातात आणि सगळी बोटं आकाशाकडे वळतात.

कथेत हे गाव उत्तरेतल्या धर्मशाळेजवळचं आहे. माती मात्र आपली आहे, चेहरे आपले आहेत. या भागाचं छायाचित्रण डग्लस स्लोकोम्ब यांनी केलं. त्या बोटांच्या वर काय आहे ते कॅमेरा दाखवत नाही आणि मला हा प्रसंग एवढा मोठा वाटतो तो त्यामुळेच. वर काहीतरी होतं हे आपल्याला फक्त त्या बोटांवरून कळतं. स्पीलबर्गची सगळी विज्ञानपटांची कारकीर्द या एका युक्तीवर उभी आहे, असं माझं मत आहे. आजचा हप्ता त्या युक्तीचा.

ती त्याला सापडली कुठे, याचा माग लहानपणापर्यंत जातो. त्याचा जन्म १९४६चा. वडील संगणक घडवणारे अभियंता, आई पियानो वाजवणारी. एकदा वडिलांनी त्याला मध्यरात्री झोपेतून उठवलं, गाडीत घातलं आणि एका मोकळ्या जागेत नेलं. तिथे आधीच बरीच माणसं उताणी पडून वर बघत होती, कारण त्या रात्री उल्कावर्षाव होता. ही आठवण त्याने अनेक मुलाखतींत सांगितली आहे. त्या पोराने त्या रात्री आकाश पाहिलंच, पण आकाशाकडे बघणारी माणसंही पाहिली.

सतराव्या वर्षी, १९६४मध्ये, त्याने सुमारे पाचशे डॉलरांत ‘फायरलाइट’ नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. गूढ प्रकाश येतात आणि माणसं नाहीशी होतात, अशी गोष्ट. फिनिक्स शहरातल्या एका नाट्यगृहात तो एक संध्याकाळ दाखवला गेला. आज त्याची काही मिनिटंच शिल्लक आहेत, पण ‘क्लोज एन्काउंटर्स’चं बियाणं तेच.

मग दूरचित्रवाणी. आज त्याचं नाव घेताना लोक हा टप्पा विसरतात, खरं तर त्याचा हात घडला तो इथे. ‘अँब्लिन’ या लघुपटामुळे युनिव्हर्सलने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला. १९६९मध्ये ‘नाइट गॅलरी’तली एक गोष्ट त्याने केली, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि समोर जोन क्रॉफर्डसारखी मुरलेली अभिनेत्री होती. १९७१मध्ये दुसऱ्या एका मालिकेतला ‘एल. ए. २०१७’ हा भाग आला. हवा इतकी विषारी झाली आहे की लॉस एंजेलिसची माणसं जमिनीखाली राहतात. विज्ञानकथेचं हे त्याचं पहिलं व्यावसायिक काम. तेव्हा सेहेचाळीस वर्षं लांब असलेलं ते साल आता आपल्या मागे पडलं आहे.

त्याच वर्षी ‘ड्युएल’ आला. टीव्हीसाठी केलेला हा चित्रपट तेरा-चौदा दिवसांत उरकला होता. एक साधा माणूस गाडी घेऊन निघालाय आणि एक जुनाट टँकर त्याच्या जिवावर उठलाय. टँकरचा चालक कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. फार तर त्याचा हात दिसतो, पायातले बूट दिसतात. चेहरा दिसला असता तर तो माणूस झाला असता. न दिसल्यामुळे तो टँकरच जिवंत होतो.

‘जॉज’च्या (१९७५) वेळी ही युक्ती त्याच्यावर परिस्थितीनेच लादली. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा. ५५ दिवसांचं चित्रीकरण १५९ दिवसांवर गेलं. शार्क नाही, मग दाखवायचं काय? त्याने पाण्यावर ओढले जाणारे पिवळे पिंप दाखवले. प्रेक्षकाने पिंप पाहिले आणि खाली मासा किती मोठा असेल याचा अंदाज स्वतः बांधला. भीती त्या अंदाजात होती. शार्क धड दिसतो तो तास उलटून गेल्यावर.

त्यामुळे १९७७मध्ये हाळच्या माळावर तो उभा राहिला तेव्हा काय झाकायचं आणि काय दाखवायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता त्या पाच स्वरांकडे येऊ. जॉन विल्यम्स यांनी पाच स्वरांच्या शेकडो ओळी बांधल्या आणि त्यांतली एक निवडली गेली. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी आजच करून बघावं. पांढरी एक सा धरा. मधल्या सप्तकात रे, ग, सा वाजवा. मग मंद्र सप्तकातला सा आणि त्यावर मंद्र पंचम. एवढंच. आमच्या सिद्धेश्वरच्या देवळातल्या पेटीवर मी एकदा भजन सुरू होण्याआधी हे वाजवून दाखवलं. टाळ हातात घेऊन बसलेले एक आजोबा म्हणाले, “प वर सोडून देऊ नका, सा वर या.” त्यांनी नेमकं बोट ठेवलं. ती ओळ पंचमावर लटकत राहते, ती प्रश्नासारखी आहे. पलीकडून कुणीतरी उत्तर द्यावं म्हणूनच ती अशी बांधली आहे. चित्रपटात ते उत्तर येतंही, शेवटच्या अर्ध्या तासात, आणि यानातून आलेला भरदार आवाज ऐकताना अंगावर काटा येतो.

‘ई. टी.’ (१९८२) हा पुढचा मोठा टप्पा. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून मी एकच गोष्ट सांगतो. कॅमेरा बहुतेक वेळ पोरांच्या उंचीवर आहे. आई सोडली तर मोठी माणसं बराच काळ कमरेपर्यंतच दिसतात आणि मागावर असलेल्या माणसाची ओळख म्हणजे त्याच्या पट्ट्याला खुळखुळणारा किल्ल्यांचा जुडगा. परका जीव पडद्यावर समोर दिसतो, अनोळखी राहतात ती माणसं. इथे युक्ती उलटी फिरवली आहे.

या चित्रपटाला आपल्याकडची एक दुखरी बाजूही आहे. सत्यजित राय यांनी १९६७मध्ये ‘द एलियन’ची पटकथा लिहिली होती. बंगालमधल्या एका खेड्यातल्या कमळांच्या तळ्यात यान उतरतं आणि गावातल्या एका पोराशी त्या पाहुण्याची ओळख होते. कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, पण चित्रपट झाला नाही. पटकथेच्या प्रती मात्र हॉलिवुडमध्ये फिरल्या. त्याशिवाय ‘ई. टी.’ होणं शक्य नव्हतं, असं राय यांना वाटत होतं. स्पीलबर्गने ते नाकारलं. मी यात निवाडा देणार नाही. पण राय यांचा तो चित्रपट झाला असता, तर भारतीय विज्ञानपटाचा इतिहास वेगळा लिहावा लागला असता, याची हळहळ मला आहे.

‘ज्युरासिक पार्क’ माझ्या पिढीचा. १९९४मध्ये तो हिंदी बोलत भारतात आला आणि परभणीला जाऊन आम्ही पोरांनी तो पाहिला. परतीच्या एसटीत कुणी झोपलं नाही. डायनासोर पडद्यावर एकूण पंधरा मिनिटांच्या आसपास आहेत, त्यांतले संगणकावर घडवलेले तर पाच-सहा मिनिटंच, हे मला फार पुढे वाचून कळलं. आम्हाला तर सगळा चित्रपट डायनासोरनीच भरलेला आठवत होता!

त्यातला पाण्याचा पेला आठवा. गाडीत बसलेली पोरं, डॅशबोर्डवर पाण्याचे दोन पेले, आणि त्या पाण्यावर उमटलेली गोल वलयं. धप्. पुन्हा वलयं. अजून काहीही दिसलेलं नाही आणि थिएटरात सगळ्यांचे श्वास अडकलेत. स्पीलबर्गला हे सुचलं ते गाडीत मोठ्याने गाणी लावली असताना आरसा थरथरला म्हणून. पण वलयं पेल्याच्या मधोमध, एकाभोवती एक, अशी नेमकी उठवायची कशी? मायकेल लँतिएरी या तंत्रज्ञाला बरेच दिवस ते जमेना. शेवटी त्याने पेला गिटारवर ठेवून तार छेडली, आणि वलयं उठली. मग गाडीच्या डॅशबोर्डखालून गिटारची तार जमिनीपर्यंत ओढली आणि खाली झोपलेल्या माणसाने ती छेडली. जगातला सगळ्यात भयंकर डायनासोर म्हणजे त्या क्षणी एक तार होती.

मी हे आमच्या सिद्धेश्वर धरणाच्या फाट्यावर, चहाच्या टपरीवर करून पाहिलं आहे. वसमतकडे हळदीची पोती घेऊन निघालेला ट्रक गेला की बाकड्यावरच्या पेल्यातलं पाणी थरथरतं, पण ते नुसतं चुरगळतं, वलय उठत नाही. ट्रक एकाच वेळी दहा प्रकारे हादरतो, तार एकाच लयीत कंप पावते. हा फरक पुढे कामाला येणार आहे, तो लक्षात ठेवा.

नंतरच्या चित्रपटांवरून मी भरभर जातो. ‘अमेझिंग स्टोरीज’मधून तो १९८५मध्ये टीव्हीकडे परतला. स्टॅन्ली कुब्रिक यांनी मागे ठेवलेला ‘ए. आय.’ त्याने २००१मध्ये पूर्ण केला. ‘मायनॉरिटी रिपोर्ट’साठी (२००२) त्याने आधी शास्त्रज्ञ आणि रचनाकारांना एकत्र बसवून २०५४ सालचं जग कसं असेल याचा विचार करून घेतला, आणि हवेत हात फिरवून पडदे हलवणारा नायक त्यातूनच आला. ‘रेडी प्लेअर वन’मध्ये (२०१८) सगळंच दाखवलं आहे, काहीच झाकलेलं नाही. म्हणून तो मला पोचत नाही.

एक चित्रपट मात्र त्याने केलाच नाही, आणि आमच्या औंढा तालुक्याचा संबंध नेमका तिथे येतो. किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ आणि निर्मात्या लिंडा ऑब्स्ट यांनी एका चित्रपटाचा आराखडा केला होता. २००६पासून तो स्पीलबर्गकडे होता. सुरुवातीच्या रूपात गोष्टीची चावी होती गुरुत्वीय लहरींत, म्हणजे अवकाशाच्या ताण्याबाण्यातच उठणाऱ्या तरंगांत. पुढे स्पीलबर्ग बाजूला झाला, चित्रपट ख्रिस्तोफर नोलनकडे गेला आणि २०१४मध्ये ‘इंटरस्टेलर’ आला. लहरींचा तो धागा तोवर गळला होता.

पडद्यावरून गळलेला तो धागा वर्षाच्या आत खऱ्या जगात हाती आला. १४ सप्टेंबर २०१५ला अमेरिकेतल्या ‘लायगो’ वेधशाळांनी अशी लहर पहिल्यांदा पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. थॉर्न यांना २०१७मध्ये राइनर वाइस आणि बॅरी बॅरिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्याच जातीची तिसरी मोठी वेधशाळा, लायगो-इंडिया, दुधाळा इथे होते आहे, म्हणजे आमच्याच तालुक्यात. एप्रिल २०२३मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले.

तिच्यात दुर्बीण नसेल. काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटरचे दोन निर्वात बोगदे असतील, त्यांतून लेझरचा प्रकाश धावेल आणि टोकांना आरसे टांगलेले असतील. लहर आली की एक हात कणभर लांबतो, दुसरा कणभर आखडतो. ‘कणभर’ हा शब्दही इथे फार मोठा आहे. पहिल्या लहरीच्या वेळचा बदल होता प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका. एवढं बारीक मोजायचं तर हळदीच्या ट्रकचं हादरणं आड येणारच. म्हणून चाळीस किलोचा प्रत्येक आरसा एकाखाली एक अशा चार लोलकांवर टांगतात, आणि म्हणून अशा यंत्राला आमच्यासारखा शांत मुलूख लागतो. चुरगळलेल्या पाण्यातून एकच स्वच्छ वलय वेगळं काढायचं, हेच ते काम. लँतिएरीने पेल्यात जे मुद्दाम घडवलं, ते इथे आकाशाकडून येईल आणि माणसाने ते फक्त ओळखायचं आहे.

संध्याकाळी मी धरणाच्या भिंतीवर जातो. वर येलदरीने सोडलेलं पूर्णेचं पाणी इथे अडतं आणि पुढे कालव्याला लागतं. पोरं दगड टाकून वलयं मोजत बसतात. त्यांना मी १४ सप्टेंबरची गोष्ट सांगतो, कारण ती लहर कानाने ऐकता येते. शास्त्रज्ञांनी तिचं कंपन जसंच्या तसं आवाजात बदललं. जेमतेम एक पंचमांश सेकंद, सेकंदाला ३५ कंपनांपासून २५०पर्यंत चढत गेलेली एक मींड, पाखराने टिपकन आवाज द्यावा तशी.

मागच्या एकादशीला भजन संपल्यावर ती पोरं देवळात थांबली. मी पेटी पुढे ओढून मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली. तिची कंपनं साधारण २६० असतात. लहर जिथे संपली ती जागा याच्या किंचित खाली, असं मी सांगितलं. टाळवाल्या आजोबांनी टाळ पिशवीत ठेवता ठेवता विचारलं, “म्हणजे सा वर आली का?”

“जवळजवळ,” मी म्हणालो.

(पुढच्या आठवड्यात : १९९०च्या दशकातला दूरदर्शन आणि ‘कॅप्टन व्योम’)