तांब्याच्या तारेची लेस

लेस म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पांढऱ्या दोऱ्याची नाजूक झालर येते. रुमालाच्या कडेची, उशीच्या अभ्र्याची, नाहीतर लहान मुलीच्या झबल्याची. हीच लेस तांब्याच्या तारेने करता येते असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी अविश्वास दिसतो आणि मग 'पण कशासाठी?' हा प्रश्न येतो. गेली काही वर्षे मी आपल्या महाविद्यालयाच्या छंदवर्गात दोऱ्याचे आणि तारेचे टॅटिंग शिकवते. वर्गात मराठी बोलणारे असतात, कन्नड बोलणारे असतात, आणि दोन्ही भाषा सारख्याच बोलणारेही असतात. त्या अनुभवाच्या आधारे या 'कशासाठी'चे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम टॅटिंग म्हणजे काय ते पाहू. क्रोशाची लेस आकडीने एकातून एक काढलेल्या फाशांची बनते. टॅटिंगमध्ये मात्र सारा व्यवहार एकाच गाठीचा असतो. तळहातात मावेल एवढ्या छोट्या धोट्यावर दोरा गुंडाळतात. त्याच दोऱ्याचे कडे डाव्या हाताच्या बोटांभोवती धरतात आणि धोटा एकदा खालून व एकदा वरून फिरवतात. अशा दोन अर्ध्या गाठी मिळून एक दुहेरी गाठ होते. गाठी ओळीने बसल्या की धोट्याचा दोरा ओढून कडे मिटवायचे. दोन गाठींच्या मध्ये थोडा दोरा मोकळा सोडला, तर तेथे इवलासा फासा उभा राहतो. त्याला पिको म्हणतात. 'साडीला फॉल-पिको करून मिळेल' या दुकानावरच्या पाटीतला पिको तो हाच.

या कलेला फ्रेंच भाषेत 'फ्रिव्होलिते' म्हणतात, म्हणजे जवळजवळ 'रिकामटेकडा उद्योग'! इटालियन नाव 'ओक्की', म्हणजे डोळे. कड्यांची रांग खरोखरच डोळ्यांसारखी दिसते. तेरेज द दिल्माँ या बाईंनी १८८६ साली भरतकाम-विणकामाचा जो ज्ञानकोश प्रसिद्ध केला, त्यात टॅटिंगचे स्वतंत्र प्रकरण आहे. पूर्वेकडचे नाव म्हणून त्यांनी 'मकूक' हा शब्द दिला आहे. त्याचा अर्थ धोटा. शहापूर-वडगावच्या विणकरांमुळे धोटा आपल्या गावाला नवा नाही. वर्गात मी तो प्रथम दाखवला, तेव्हा कन्नड बोलणाऱ्या मुलींनी लगेच 'लाळी' म्हणून त्याला ओळखले. त्याआधी, १८५० साली, एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर यांनी टॅटिंगचे पुस्तक काढले. पूर्वी सुटी कडी करून ती सुईने शिवत असत. पिकोतून दोरा घेऊन कडी करता करताच जोडण्याची रीत रूढ झाली, त्यात या बाईंच्या पुस्तकांचा मोठा वाटा आहे.

आता गाठीचे मर्म. नवशिक्याचा धोट्याचा दोरा डाव्या हाताच्या दोऱ्याभोवती वेढा घेतो. तेथेच थांबले तर कडे कधीच मिटत नाही, कारण गाठ जागच्या जागी आवळली जाते. म्हणून डाव्या हाताची बोटे सैल सोडायची आणि धोट्याचा दोरा ताणायचा. मग वेढा पलटतो. धोट्याचा दोरा सरळ होतो आणि डाव्या हाताचा दोरा त्याच्याभोवती वेढा घेऊन बसतो. सरळ झालेला हा दोरा म्हणजे गाभा. तो गाठींमधून सरकतो, म्हणून कडे मिटते. मी याला 'पालट' म्हणते. शिकवताना धोट्यावर लाल दोरा आणि बोटांवर पांढरा दोरा घेऊन साधी साखळी करायला लावते. गाठी पांढऱ्या दिसल्या तर पालट झाला, लाल दिसल्या तर नाही. हे सांगायला व्याख्यान लागत नाही. ज्याचे त्याला दिसते.

तारेच्या बाबतीत नेमका हा पालटच अडतो. दोऱ्याला स्वतःचा आकार नसतो, त्यामुळे ताण दिला की वेढा उलगडतो आणि दुसऱ्या दोऱ्यावर जातो. तारेला एका मर्यादेपलीकडे वाकवले की तो वाक ती धरून ठेवते. ओढून वेढा पलटवायला गेले तर वेढ्याची मुरड होते आणि त्या मुरडीपाशीच तार तुटते. दोऱ्यात तरबेज झालेली मुलगी तारेशी प्रथम भांडते ती इथे. हाताला लागलेली सवय तिला 'ओढ' म्हणते आणि तार 'नको' म्हणते.

यावर उपाय शोधायचा तर पालट कशासाठी होता, हे आधी विचारले पाहिजे. कडे मिटवता यावे म्हणून गाभा सरळ ठेवायचा, एवढ्यासाठीच तो होता. मग कडे आरंभीच हव्या त्या मापाचे केले तर? मिटवायचा प्रश्न उरत नाही आणि पालटाचीही गरज राहत नाही. तारेच्या लेसची मी शिकवते ती रीत या एका विचारावर उभी आहे. गाभ्यासाठी जरा जाड तार घ्यायची, तिचे कडे करायचे, आणि बारीक तारेने त्यावर तीच दुहेरी गाठ घालायची. पहिल्या अर्ध्या गाठीत बारीक तारेचे टोक गाभ्याच्या वरून पलीकडे नेऊन खालून अलीकडे आणायचे. दुसऱ्या अर्ध्या गाठीत उलट करायचे, खालून पलीकडे आणि वरून अलीकडे. दोन्ही वेळा टोक मधल्या फाशातून बाहेर काढायचे. पिको अंदाजाने सोडता येत नाही, म्हणून तार विणकामाच्या सुईवरून वळवून घ्यायची. जोडताना शेजारच्या पिकोतून तारेचे टोकच ओवायचे.

कड्याचे माप कसे ठरवायचे? सरळ गाभ्यावर दहा गाठी घालून पट्टीने मोजावे. समजा, दहा गाठींना ९ मिलिमीटर लागले, तर वीस गाठींना १८ लागतील. त्याला ३.१४ ने भागले की सुमारे ५.७ मिलिमीटर व्यास येतो. त्या जाडीच्या काडीभोवती गाभा वळवायचा. शाळेतले परिघाचे सूत्र पुन्हा उपयोगी पडलेले पाहून कलाशाखेच्या मुलींनाही गंमत वाटते.

तार मोटर रिवाइंडिंगच्या सामानाच्या दुकानात वजनावर मिळते. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश मापात २६ गेज म्हणजे सुमारे ०.४६ मिलिमीटर. ही गाभ्यासाठी चांगली. ३२ गेज म्हणजे ०.२७ मिलिमीटर, ती गाठींसाठी. १० ग्रॅम वजनात ३२ गेजची तार साधारण १८-१९ मीटर भरते. अमेरिकन गेज वेगळे असते. त्यातली ३२ नंबरची तार ०.२० मिलिमीटर, म्हणजे बरीच बारीक. परदेशी नमुना पाहून काम करणाऱ्याने मिलिमीटर विचारूनच तार घ्यावी. रिवाइंडिंगच्या तारेवर वार्निशचा पातळ थर असतो. त्यामुळे घामाने तांबे हिरवे पडत नाही आणि अंगावरही डाग पडत नाहीत. धातूच्या धोट्याच्या टोकांनी हा थर खरवडला जातो. म्हणून मी धोटा बाजूला ठेवून हातभर-दोन हात तारच घ्यायला सांगते. तुकडे कापताना टोक उडून डोळ्यात जाऊ शकते, तेव्हा कापायचे टोक बोटाने दाबून धरावे.

तांबे वारंवार वाकवले की कडक होत जाते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. धातूच्या स्फटिकांतील दोष वाढतात, एकमेकांना अडवतात आणि शेवटी तार तडकते. चुकलेली दोऱ्याची गाठ सुईने हळूहळू उकलता येते. तारेची गाठ उकलणे म्हणजे तीच जागा पुन्हा उलटी वाकवणे. ते एकदा चालते, दोनदा क्वचित. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. तांब्याचे उलट आहे. ते लालसर तापवले की पीळ जातो, सुंभ राहतो, आणि तार पुन्हा मऊ होते. मात्र हा प्रयोग वार्निशच्या तारेवर करू नये. थर जळतो आणि धूर अपायकारक असतो. तसे पाहिले तर कडक होणे हा तारेचा गुणही आहे. दोऱ्याच्या लेसला ताठ ठेवायला खळ घालावी लागते. तारेची लेस घातलेल्या गाठींनीच ताठ होते, आणि म्हणूनच तिची कर्णफुले व पदके होतात.

शिकवण्याबद्दल एक अनुभव सांगते. एका वर्षी वर्गात एक कन्नडभाषक विद्यार्थिनी आली. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मला शिवण-टिपण काही येत नाही. मी नुसती बघत बसते." तिच्या वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान होते. आम्ही तार काढली तेव्हा इतर मुली रीळ टेबलावर उभे ठेवून वरून तार ओढू लागल्या. तिने रीळ उचलले, पेन्सिलीत अडकवले आणि फिरवत फिरवत तार सोडली. वरून ओढली की प्रत्येक वेढ्यागणिक तारेला एक पीळ बसतो, फिरवून सोडली की बसत नाही. हे तिला दुकानात बसून ठाऊक होते, पण 'येत नाही' या सदरात तिने ते घातले होते. दोऱ्यात हुशार असलेल्या मुलींनी तिला गाठ शिकवली आणि तिने त्यांना तार कशी हाताळावी ते शिकवले. पुढच्या तुकडीला तारेचा पहिला धडा तिनेच दिला, कन्नडमध्ये आणि मोडक्या मराठीत.

तेव्हापासून मी क्रम ठरवून टाकला आहे. पहिले दोन तास दोरा, कारण गाठीची रचना तेथे स्वस्तात समजते. मग एक तास फक्त तार सोडणे, सरळ करणे आणि वाकवणे. त्यानंतर गाठ. आणि प्रत्येक पायरीला 'असे का?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हा नियम.

धोटा नाही, पालट नाही, मग याला टॅटिंग म्हणायचे का, असे सहकारी प्राध्यापक विचारतात. माझ्या मते, म्हणायचे. हत्यार बदलले, हाताची चाल बदलली, पण गाठ तीच राहिली. कडे, पिको, जोड हे सारे व्याकरणही तेच राहिले. ज्याने नुसती चाल पाठ केली, तो तारेपाशी थांबतो. गाठ ज्याला समजली, तो तिच्यासाठी नवी चाल शोधतो. परीक्षेच्या दृष्टीने या लेसला गुण नाहीत. पण पाठ झालेले आणि समजलेले यांतला फरक बोटांनी कळावा, असे फारसे विषय आपल्या अभ्यासक्रमात नाहीत. छंदवर्गाच्या टेबलाशी दोन्ही विभागांच्या वाचकांना जागा आहे. येताना एक विणकामाची सुई आणि मोजपट्टी आणावी.